पेरू : कोणाला, कसा आणि किती

थंडी पडायला लागली की बाहेरगावच्या माणसांना नाशिकची द्राक्षं आठवतात. आम्हा नाशिककरांना मात्र त्याआधी पेरू आठवतो. द्राक्षं खरी गोड होतात ती संक्रांत उलटल्यावर. दिवाळी ते संक्रांत हा काळ पेरूचा. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेलात तर भाजीच्या आधी पेरूचा वासच तुम्हाला हाक मारतो. (नवख्यांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि घाटावर जाणं म्हणजे 'गंगेवर जाणं'.)

माझी सगळी नोकरी शाळेत गेली. मराठी शिकवलं, आणि शिक्षक कमी पडले की भूगोलही. दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर पेरू देश आला की वर्गात हशा ठरलेला. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, "बाई, आपला पेरू तिकडूनच आला का हो?" प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. पेरूचं झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलंच. बटाटा, मिरची, काजू, अननस, पपई ही जशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, तसाच पेरूही आला. नावाचा मात्र त्या देशाशी संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नाशपाती. हे नवं फळ नाशपातीसारखं दिसलं म्हणून त्याला तेच नाव पडलं. गंमत अशी की हिंदीतला 'अमरूद' फारसीतून आला, आणि फारसीतही त्याचा अर्थ नाशपातीच! म्हणजे पश्चिमेकडून आलेल्यांनी आणि उत्तरेकडून आलेल्यांनी, दोघांनीही एकाच चुलत्याचं नाव ह्याला चिकटवलं. विदर्भात ह्याला जांब म्हणतात, गुजरातेत जामफळ. वनस्पतिशास्त्राप्रमाणे पेरू जांभळाच्याच कुळातला आहे. लवंग आणि निलगिरीही त्याच घरातल्या.

आज पेरूवर लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात पेरूच्या फायद्यांवरचे इतके निरोप माझ्या फोनवर आले, की त्यांची वही केली असती तर दोनशे पानी भरली असती. 'पेरू खा, साखर पळवा', 'रोज एक पेरू, डॉक्टरला रामराम'. पाठवणारी सगळी आपलीच माणसं, प्रेमानं पाठवणारी. त्या सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

आधी फायद्याचंच बोलू, कारण ते खोटे नाहीत. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर. तेवढ्याच संत्र्यात ५० च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण सांगितलं, त्यानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मध्यम आकाराच्या अर्ध्या पेरूत दिवसाची गरज भागते. क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते, म्हणून बाजरीची भाकरी आणि पालेभाजीच्या जेवणासोबत पेरूची कोशिंबीर ही जोडी उत्तम. शिवाय १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या वर तंतू, ज्याला हल्ली फायबर म्हणतात. त्यामुळे पोट साफ राहतं, आणि फळातली साखर रक्तात सावकाश उतरते. आतून गुलाबी असलेल्या पेरूत लायकोपीन नावाचं द्रव्य असतं, टोमॅटोला लाल रंग देणारं तेच. एवढं सगळं देऊन हे फळ सफरचंदापेक्षा स्वस्त! 'गरिबाचं सफरचंद' म्हणतात, पण खरं पाहता सफरचंदालाच श्रीमंताचा पेरू म्हणायला हवं.

आमच्या ह्यांना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. आंबा गेला, चिकू गेला, सीताफळ गेलं, द्राक्षं मोजून खायची. पेरू तेवढा राहिला होता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पेरू चालेल, आणि ते बरोबरही होतं. ह्यांचं माहेर... माहेर कसलं, गाव म्हणायला हवं, पण ते ज्या ओढीनं गावाबद्दल बोलतात त्याला माहेर हाच शब्द शोभतो... तर गाव दिंडोरी तालुक्यातलं. बांधावर पेरूची सात झाडं होती. कुठल्या झाडाचा पेरू कधी पाडाला लागतो हे ह्यांना अजून तोंडपाठ आहे. बाजारात पेरू घेण्याचं काम लग्नापासून ह्यांच्याकडेच. मी भाजी घ्यायची, ह्यांनी पेरू.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीच्या तपासण्या केल्या. किडनी थोडी दमली आहे हे आधीच माहीत होतं. ह्या वेळी रक्तातलं पोटॅशियम ५.९ आलं. साधारण साडेतीन ते पाच असायला हवं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जास्तीचं पोटॅशियम शरीराबाहेर टाकणं हे किडनीचं काम. ती दमली की ते रक्तात साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून त्यांनी गोळी बदलली. आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी छापील यादी हातात दिली. 'टाळावे' ह्या रकान्यात शहाळं, केळं, टोमॅटो, सुकामेवा, आणि पाचव्या ओळीत पेरू.

मला खरं वाटेना. शहाळं आणि केळं ऐकून माहीत होतं. पण पेरू? मग आकडे पाहिले. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम, पेरूत ४१५ च्या आसपास. सफरचंदात जेमतेम ११०. म्हणजे ज्याला आपण पोटॅशियमचा राजा समजतो त्या केळ्यापेक्षाही पेरू वरचढ. निरोगी माणसाला हे उत्तमच, रक्तदाबासाठी चांगलं. किडनी दमलेल्या माणसाला तेच घातक. फळ तेच, आकडा तोच, खाणारा बदलला.

मराठी शिकवताना मी मुलांना सांगायचे, काही शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत, त्यांना विभक्तीचा आधार लागतो. 'दिलं' म्हटलं की 'कोणाला?' हा प्रश्न येतोच. 'फायदा' हाही तसलाच शब्द आहे. पेरूचे फायदे म्हटलं की लगेच विचारायला हवं, कोणाला? चतुर्थी लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. फोनवरचे सगळे निरोप ह्या एका बाबतीत अपुरे असतात.

एका स्नेह्यांनी प्रेमानं पेरूची कोवळी पानं आणून दिली, काढा करून द्या म्हणाले, साखर उतरते. पेरूच्या पानांचा चहा जपानमध्ये जेवणानंतरची साखर फार चढू नये म्हणून विकला जातो, ही गोष्ट खरी आहे. पण ज्या माणसाच्या औषधांचं गणित डॉक्टर थेंबाथेंबानं जुळवत आहेत, त्याच्या पोटात आपल्या मनानं काही घालू नये. पानं मी कुंडीतल्या खतात घातली. त्यांना तसं सांगितलंही. ते रागावले नाहीत. आणखी एक गोष्ट आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितली, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. बाजारात रक्तदाबवाल्यांसाठी जे कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आता पेरू निवडायचा कसा. ही विद्या ह्यांची, मी फक्त लेखनिक.

पहिलं म्हणजे हंगाम बघा. जूनच्या पावसावर फुलणारा तो मृग बहार, त्याची फळं थंडीत येतात आणि तीच सर्वांत गोड. उन्हाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या आंबे बहाराची फळं पावसाळ्यात येतात, ती पाणचट असतात आणि त्यांत फळमाशीची अळी फार. म्हणून पावसाळ्यातला पेरू चिरून, उजेडात बघून मगच खावा. तोंडानं फोडू नये. दुसरं, पेरू हातात घेऊन तोलावा. आकाराच्या मानानं जड लागला तर भरलेला. तिसरं, रंग. गर्द हिरवा असेल तर तुरट, पूर्ण पिवळा असेल तर आजच्या आज संपवायचा. पोपटी-पिवळसर सर्वांत चांगला. चौथं, देठ. देठाला ताजं पान असेल तर कालचा-आजचा तोडा. सालीवर सुईनं टोचल्यासारखा ठिपका आणि भोवती मऊ डाग दिसला की खाली ठेवावा, तिथं माशीनं अंडी घातलेली असतात. आणि शेवटची परीक्षा नाकाची. ह्यांच्या मते नाकाला कळलं नाही तर जिभेलाही कळणार नाही.

जातींचंही थोडं सांगते. आपल्याकडे सर्वांत मानाचा तो 'सरदार', ज्याला शेतकरी 'एल-४९' किंवा 'लखनौ-४९' म्हणतात. नाव लखनौचं, पण निवड झाली आपल्या पुण्यात! गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात चीमा साहेबांनी १९२७ च्या सुमारास लखनौकडच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून हा निवडला. द्राक्षात 'चीमा साहेबी' नावाची जात होती, ती त्यांच्याच नावाची. त्यामुळे आम्हा द्राक्षवाल्या नाशिककरांना हे नाव परकं नाही. सरदारची साल जराशी खडबडीत, गर पांढरा, चव आंबटगोड. 'अलाहाबाद सफेदा' गुळगुळीत आणि गोलसर. 'ललित' आतून गुलाबी. आणि हल्ली फोमच्या जाळीत गुंडाळलेले, नारळाएवढे पेरू दिसतात ते बहुधा 'व्हीएनआर' किंवा तैवानकडच्या जातींचे. खायला कुरकुरीत, बिया कमी, दातांना सोपे. वासाला मात्र बेताचे. शिर्डीला गेलात तर थोडं पुढं राहात्यापर्यंत जा. अहिल्यानगर जिल्ह्यातला तो भाग पेरूसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याच्या कडेला पाट्याच पाट्या मांडलेल्या असतात.

साठवण. पेरू तोडल्यावरही पिकतो, केळ्या-आंब्यासारखा. म्हणून कच्चट पेरू फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्यानं तो पिकतही नाही आणि आतून तपकिरी पडतो. कागदात गुंडाळून टोपलीत ठेवा, घाई असेल तर सोबत एक पिकलं केळं ठेवा. पिकला की मग फ्रिजमध्ये, झाकणाच्या डब्यात, तीन-चार दिवस. उघडा ठेवलात तर दुधालाही पेरूचा वास लागतो, आणि सकाळच्या चहाला पेरूची चव येते! चिरलेल्या फोडींना लिंबाचा रस चोळला तर त्या काळ्या पडत नाहीत. फार पिकलेल्यांचा गर चाळणीतून काढून डब्यात गोठवून ठेवावा, उन्हाळ्यात सरबताला येतो.

आता स्वयंपाकघर. कोशिंबीर सर्वांत सोपी. दोन बेताचे पिकलेले पेरू, मधला बियांचा भाग काढून बारीक चिरायचे. मीठ, चिमूटभर साखर, दोन चमचे दाण्याचं कूट, वरून तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. दही अगदी पानावर बसताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं.

भाजीला निमकच्चे पेरू हवेत. चार पेरूंच्या फोडी करायच्या. मधला बियांचा भाग टाकू नका. वाटीभर पाण्यात मिक्सरमधून अगदी थोडा फिरवून गाळून घ्या, तोच रस्सा. तेलात मोहरी, हिंग, हळद, चार मेथीदाणे, त्यावर फोडी, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. मग तो गाळलेला रस, लाल तिखट, गोडा मसाला, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. वरून ओलं खोबरं. पोळीशी फार छान लागते.

चटणीला कच्चटच पेरू चांगला : पेरू, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ, लिंबू. बिया जाडसर असतील तर काढून टाका.

आणि जेली! आमच्या तरुणपणी प्रत्येक हौशी गृहिणी एकदा तरी पेरूची जेली करायचीच. पिकलेल्या पेरूंत चौथा हिस्सा निमकच्चे घालायचे, कारण जेली धरायला लागणारं पेक्टिन कच्च्यात जास्त. फोडी बुडतील एवढं पाणी घालून अर्धा तास शिजवायच्या, आणि मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायच्या. पुरचुंडी पिळायची नाही, पिळली की जेली गढूळ होते. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर आणि लिंबाचा रस घालून उकळायचं. चमच्यावरून थेंब वेगवेगळे न पडता एकत्र होऊन पडायला लागले की उतरवायचं. गर उरतो त्यात साखर घालून आटवलं की वड्या. गोव्यात नाताळाला करतात ते 'पेराड' ह्याच जातीचं. अमेरिकेतल्या माझ्या भाचीला तिथल्या लॅटिन अमेरिकन दुकानात पेरूच्या घट्ट वड्यांचा डबा मिळाला, तेव्हा तिनं फोटो पाठवून विचारलं, "मावशी, ही आपली पेरूची वडी इथे कशी?" मी म्हटलं, वडी तिथे गेली नाही बाळा, ती मूळची तिकडचीच. आपल्याकडे ती फिरायला आली आणि राहिली.

पेरूबद्दलच्या दोन समजुती माझ्या वर्गातल्या आयाही सांगायच्या. एक, बिया आंत्रपुच्छात अडकतात. डॉक्टर म्हणतात असं अगदी क्वचित घडतं, त्या भीतीनं पेरू सोडायचं कारण नाही. दुसरी, पेरूनं खोकला होतो. मला वाटतं पेरूपेक्षा त्यावर भुरभुरलेल्या तिखट-मिठाचा त्यात हात असावा! शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या आजीबाईंचा तो चार फाका केलेला, लाल तिखट भरलेला पेरू कोण विसरेल? एकीनं घ्यायचा आणि फ्रॉकचं टोक धरून चिमणीच्या दातांनी तोडून मैत्रिणींना वाटायचा. उष्टं होत नाही, अशी आमची पक्की समजूत होती.

तर मंडळी, घरचं सांगायचं राहिलं. यादी हातात आली त्या दिवशी हे काही बोलले नाहीत. जेवले, पेपर वाचला, झोपले. आंबा गेला तेव्हा कुरकुरले होते, चिकू गेला तेव्हा चिडले होते. पेरू गेला तेव्हा गप्प. पंच्याऐंशीच्या उंबऱ्यावर उभ्या माणसाकडून आपण एकेक वस्तू काढून घेत जातो, 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून. ते खरंही असतं. पण काढून घेतलेल्या वस्तूबरोबर अजून काय जातं, हे यादीत लिहिलेलं नसतं. ह्यांच्या बाबतीत सात झाडं गेली.

मी ठरवलं, घरात पेरू आणायचाच नाही. त्यांच्यासमोर आपण कसं खायचं? दोन आठवडे आणला नाही. मग एका बुधवारी हेच पिशवी घेऊन उभे राहिले. म्हणाले, "चल, पेरू संपत येतील." मी म्हटलं, "अहो, पण कोणासाठी?" तर म्हणाले, "तुझ्यासाठी. तुला निवडता येत नाहीत."

गंगेवर ओळखीची पेरूवाली आहे. "घ्या ना बाबा, नुसती साखर हाये," म्हणाली. हे नेहमीसारखे उकिडवे बसले, एकेक फळ तोललं, देठ पाहिला, वास घेतला. सहा घेतले. घरी येऊन त्यांनीच धुतले, पुसले, एक चिरला, मीठ लावलं आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. मी सावकाश खाल्ला. कसा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, "गोड आहे, पण शेवटी जरा तुरट." ते म्हणाले, "बांधावरच्या तिसऱ्या झाडाचा असाच असायचा."

तीन महिन्यांनी पोटॅशियम ४.८ वर आलं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं, ही नवी रीत आता हाताला बसली आहे. फळांत सफरचंद, नाशपाती, आणि पपईची एखादी फोड, तीही विचारून. हो, नाशपाती! पेरूला जिचं नाव मिळालं ती. ह्यांना ही गंमत सांगितली तर हसले. म्हणाले, म्हणजे नावापुरता पेरू मी अजून खातोच आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांना मीच विचारलं, एखादी पातळ फोड कधीतरी? ते म्हणाले, रिपोर्ट असाच राहिला तर पुढच्या वेळी बघू. 'बघू' हा शब्द आम्ही दोघांनी जपून घरी आणला.

तेव्हा ज्यांना चालतो त्यांनी जरूर खा, हंगामात रोज खा. ज्यांच्या किडनीचा काही त्रास आहे त्यांनी आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. आणि पेरूचे फायदे कोणाला कळवायचे असतील तर पाठवण्याआधी एवढं आठवा, की पलीकडच्या घरात कोणती यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे. आमच्याकडच्या यादीखाली ह्यांनी पेन्सिलनं लिहून ठेवलंय : 'बुधवार. पेरू. सहा.'